फॉल्ट कुणाचा?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, डेटा स्ट्रक्चर्सच्या लॅबमध्ये, लिंक्ड लिस्टचा प्रोग्राम रन केला आणि स्क्रीनवर एकच ओळ आली - ‘सेगमेंटेशन फॉल्ट’. पुढे काही नाही. कुठली लाइन, कुठलं व्हेरिएबल, कशाचा पत्ता नाही. शेजारच्या मित्राने खांद्यावरून वाकून बघितलं आणि गंभीर चेहऱ्याने निदान केलं, "मशीन गेलं वाटतं. तू पलीकडच्या पीसीवर बस." मी खरोखर पलीकडच्या पीसीवर जाऊन बसलो! तिथेही तेच. मग कुठे डोक्यात प्रकाश पडला की मशीन शाबूत आहे, गेलेलो आपण आहोत.

आज हसू येतं. कारण गेली काही वर्षं मी पोटापाण्यासाठी जे करतो ते याच ओळीच्या पलीकडच्या बाजूला. लिनक्स कर्नलमध्ये ड्रायव्हर लिहिणे. ही ओळ छापायची वेळ येते तेव्हा आत काय काय घडतं हे आता बऱ्यापैकी माहीत आहे. आणि तरीही (किंवा त्यामुळेच म्हणा) २०२४च्या उन्हाळ्यात मी एक माती खाल्ली. ती इथे लिहायची म्हणून दोन-तीन वीकएंड टाळत होतो. आज लिहूनच टाकतो. पण आधी थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल. ज्यांना कर्नलचं वावडं आहे त्यांनीही घाबरू नये. आपल्या हाउसिंग सोसायटीपेक्षा अवघड असं यात काही नाही.

तर समजा, मेमरी म्हणजे एक भलीमोठी सोसायटी. ४ केबीचा एक फ्लॅट, त्याला म्हणायचं पेज. प्रत्येक प्रोग्रामला वाटतं की अख्खी सोसायटी आपल्याच तीर्थरूपांची आहे. प्रत्यक्षात गेटवर एक वॉचमन बसलेला असतो, त्याचं नाव एमएमयू. प्रोग्रामने कुठलाही पत्ता उच्चारला की हा रजिस्टर उघडून बघतो. या रजिस्टरला म्हणतात पेज टेबल. या नावावर हा फ्लॅट आहे का? आत जाऊन फक्त बघायची परवानगी आहे की भिंतीवर खिळे ठोकायचीही? नोंद जुळली तर सोडतो. नाही जुळली तर स्वतः निर्णय घेत नाही, थेट सेक्रेटरीला फोन लावतो. सेक्रेटरी म्हणजे कर्नल. आणि हा फोन म्हणजे पेज फॉल्ट. इंटेलच्या प्रोसेसरवर या फोनचा नंबर १४.

आता गंमत अशी की नावात ‘फॉल्ट’ असलं तरी यातले बहुतेक फोन तक्रारीचे नसतातच! प्रोग्रामने मेमरी मागितली की कर्नल लगेच देत नाही. नुसती बुकिंगची पावती फाडतो. पझेशन नाही. पुण्यात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. फरक इतकाच की इथला बिल्डर प्रामाणिक आहे. तुम्ही फ्लॅटच्या दारात पाय ठेवलात की त्या क्षणी वॉचमनचा फोन जातो, सेक्रेटरी पावती तपासतो, एक रिकामा फ्लॅट झाडून-पुसून (म्हणजे अक्षरशः सगळीकडे शून्य भरून, आधीच्या भाडेकरूची चिठ्ठीचपाटीही राहू नये म्हणून) तुमच्या नावावर चढवतो, आणि प्रोग्रामला सांगतो, हां, आता परत जा. प्रोग्राम तीच सूचना पुन्हा चालवतो आणि या वेळी आत शिरतो. मध्ये काही झालं होतं याचा त्याला पत्ताच नसतो.

फोर्कचंही तेच. एका प्रोसेसचे दोन झाले की दोघा भावांना लगेच वेगळी घरं मिळत नाहीत. एकाच घरात राहायचं, फक्त बघायचं, काही बदलायचं नाही. ज्याला पहिल्यांदा भिंत रंगवायची हुक्की येईल त्याच्यासाठी वॉचमनचा फोन जातो आणि तेवढ्या एका खोलीची प्रत काढून त्याला दिली जाते. याला म्हणतात कॉपी-ऑन-राइट. (हे काम दिसतं तितकं सोपं नाही. याच वाटेवर दोन धाग्यांच्या शर्यतीतून शिरता येणारी एक फट लिनक्समध्ये २००७पासून होती. ती ‘डर्टी काऊ’ या नावाने २०१६मध्ये गाजली. तोपर्यंत नऊ वर्षं जगभरची मशीनं तिच्यासकट चालत होती.)

हे सगळं काही आजचं नाही. मँचेस्टर विद्यापीठात १९६२मध्ये सुरू झालेल्या अॅटलस नावाच्या संगणकात हीच युक्ती होती. हवं ते पेज मुख्य मेमरीत नसेल तर काम तिथेच थांबवायचं, ड्रमवरून पेज आणायचं आणि काम पुढे सुरू करायचं. म्हणजे फॉल्ट जन्माला आला तोच मुळी निरोप म्हणून. ‘इथे काहीतरी नाहीये, बघता का जरा?’ एवढाच त्याचा अर्थ. शिक्षा वगैरे नंतरच्या गोष्टी.

शिक्षा केव्हा होते? तर फोन आल्यावर सेक्रेटरी दोन कागद बघतो. एक, सीआर-टू नावाचं रजिस्टर. त्यात कुठल्या पत्त्यावर अडलं ते लिहिलेलं असतं. दुसरा, एरर कोड. त्याचे पहिले तीन बिट म्हणजे तीन साधे प्रश्न. पेजची नोंदच नव्हती की नोंद होती पण परवानगी नव्हती? वाचायला गेला होता की लिहायला? आणि जाणारा कोण, साधा प्रोग्राम की खुद्द कर्नल? मग कर्नल त्या प्रोसेसच्या बुकिंगच्या पावत्या चाळतो. पावती आहे, हक्क आहे, तर फ्लॅट देऊन टाकतो. पावतीच नाही, किंवा पावतीवर ‘फक्त बघणे’ लिहिलंय आणि हा हातोडा घेऊन आलाय, तर अकरा नंबरचा सिग्नल. सिगसेग्व्ही. आमच्या लॅबमधली ती ओळ.

पण पाय घसरणारा खुद्द कर्नलच असेल तर? सेक्रेटरीच जिन्यात पडला तर?

तिथेही दोन तऱ्हा आहेत. प्रोग्राम कर्नलला एखादा पत्ता देतो आणि म्हणतो इथला डेटा उचल. पत्ता खोटा असू शकतो हे कर्नलला आधीच ठाऊक असतं. म्हणून कॉपी-फ्रॉम-यूजर सारख्या ठरावीक जागांसाठी कर्नलने एक तक्ता करून ठेवलेला असतो - या सूचनेवर ठेच लागली तर त्या ठिकाणी जा. फॉल्ट आला की तक्ता बघायचा, जागा सापडली तर गुपचूप तिकडे वळायचं आणि प्रोग्रामच्या हातात ‘ईफॉल्ट’ ठेवायचा, म्हणजे ‘बाबा रे, तुझा पत्ता चुकीचा होता’. योगायोगाने ईफॉल्टचा नंबरही १४च! इथे कुणी मरत नाही, कारण पडण्याची शक्यता आधीच मान्य केलेली असते.

आणि तक्त्यात नसलेल्या जागी कर्नल पडला तर? मग ‘ऊप्स’. हो, अधिकृत नावच ऊप्स आहे. त्या वेळचं सगळं रजिस्टर, स्टॅक ट्रेस, पत्ता वगैरे छापायचं आणि जो धागा चालू होता त्याला संपवायचं. सेटिंग तशी असेल तर अख्खं मशीन पॅनिक करून रीबूट. आम्ही ज्या पेटीसाठी ड्रायव्हर लिहितो (कारखान्यातली मोजमापं गोळा करणारी एक पेटी, एवढंच समजा) तिच्यावर तशी सेटिंग होती. ऊप्स म्हणजे रीबूट.

हुश्श. झाली पार्श्वभूमी. आता माती.

मे २०२४, शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. कस्टमरकडची एक पेटी मधूनमधून रीबूट होत होती. लॉगमध्ये ऊप्स आलेला - नल पॉइंटर डिरेफरन्स, पत्ता हेक्समध्ये १८. फंक्शन माझंच. असा चिमुकला पत्ता दिसला की अनुभवी माणूस फार विचार करत नाही. पॉइंटर शून्य होता आणि त्या स्ट्रक्चरमधलं चोविसाव्या बाइटवरचं फील्ड कुणीतरी वाचायला गेलं, बस. शून्य नंबरचा फ्लॅट मुद्दाम कुणाच्याच नावावर ठेवलेला नसतो, तो अशा चुका पकडण्यासाठीच. (२००७ पासून लिनक्स साध्या प्रोग्रामलाही तो बळकावू देत नाही. आधी बळकावता यायचा, आणि मग कर्नलची नल पॉइंटरची चूक थेट चोराच्या घरात जाऊन पडायची.) नल ही कल्पना १९६५ साली ज्यांनी अल्गोल डब्ल्यूमध्ये आणली त्या टोनी होर यांनीच पुढे २००९मध्ये एका व्याख्यानात तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं होतं. आपल्याला काय, आपण त्या चुकीचं व्याज भरतोय.

तर मी काय केलं? फंक्शनच्या सुरुवातीला एक ओळ टाकली. पॉइंटर नल असेल तर परत फिर. झालं! बिल्ड केलं, दहा मिनिटं चालवलं, ऊप्स नाही. कमिटमध्ये लिहिलं, ‘नल चेक टाकला, क्रॅश दुरुस्त’. पावणेसातला बाइकला किक मारली. पेट्या रीबूट व्हायच्या थांबल्या. कस्टमरची शाबासकीची मेल आली, त्यात माझं नाव होतं. ती मेल मी घरी आईला वाचून दाखवली, हेही आता सांगूनच टाकतो.

एक प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नाही. तो पॉइंटर नल का होता?

जूनमध्ये आमच्या टीममधल्या नव्या पोराचा मॉड्यूल बिल्डमध्ये गेला. सांगलीकडचा मुलगा, फेब्रुवारीत लागलेला, सहा महिन्यांचा प्रोबेशन चालू. कामाला चोख, बोलायला कमी. मला ‘दादा’ म्हणायचा. त्याचं पहिलंच मोठं काम, मोजमापांची एक रांग सांभाळायची आणि नेटवर्कवर पुढे पाठवायची. मॉड्यूल गेला आणि आठवड्याभरात पेट्या परत पडायला लागल्या. या वेळी नल पॉइंटर नाही, जनरल प्रोटेक्शन फॉल्ट. फोन नंबर १३. चौसष्ट बिटी इंटेलवर पत्त्याचे वरचे बिट ठरावीक पद्धतीचेच असावे लागतात. तसे नसले की वॉचमन रजिस्टर उघडायच्याही आधी ओरडतो, की हा पत्ताच नव्हे! स्टॅक ट्रेसमध्ये सगळ्यात वर त्या पोराचं फंक्शन, रांगेतला पुढचा पॉइंटर वाचणारं.

आता तुम्हीच सांगा, संशय कुणावर जाणार? मॉड्यूल नवा, माणूस नवा, क्रॅश त्याच्या फंक्शनमध्ये. दर सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याच्याकडे बघून विचारलं जायचं, "काय, मिळालं का काही?" आणि तो मान खाली घालून म्हणायचा, "बघतोय, सर." रात्री अकरा-अकरापर्यंत बसायचा. कोडमध्ये जागोजागी चेक टाकत सुटला होता. इकडे लॉक, तिकडे लॉक. पेट्या पडायच्या त्या पडतच होत्या. एकदा कँटीनमध्ये मला म्हणाला, "दादा, माझंच काहीतरी बेसिकमध्ये चुकतंय. मला कळतच नाहीये." मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "होतं रे सुरुवातीला." काय पण मोठेपणा!

मग आला १९ जुलै. तोच तो शुक्रवार, जेव्हा क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटने जगभरची विंडोज मशीनं निळी पडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने साधारण ८५ लाख. आपल्याकडेही विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास निघाले. कारण पुढे बाहेर आलं ते असं की कर्नलमध्ये चालणारा त्यांचा कोड २१ गोष्टींची अपेक्षा करत होता, हातात होत्या २०, आणि तो एकविसावी वाचायला हद्दीच्या बाहेर गेला. संध्याकाळी टपरीवर तोच विषय. (कारण कळायला अजून अवकाश होता, पण कर्नलमधल्या ड्रायव्हरने चुकीच्या पत्त्यावर पाय ठेवला एवढं निळ्या स्क्रीनवरून दिसत होतंच.) त्या पोराने विचारलं, "दादा, पण एवढ्याशा वाचण्यासाठी अख्खं मशीन का पाडायचं? कर्नलने सोडून दिलं असतं तर?"

मी चहाचा ग्लास ठेवला आणि व्याख्यान झोडलं. म्हटलं, अरे, कर्नलला स्वतःच्याच हिशेबात चूक सापडली की बाकीच्या हिशेबावर विश्वास कसा ठेवायचा? तसाच पुढे गेला तर कुणाच्या तरी फाइलमध्ये कचरा लिहील, आणि ते महिन्याने कळेल. पडणं परवडतं. कुठे पडलो हे तरी कळतं. चूक जिथे झाली तिथेच आपटलेलं बरं, लपवली की ती दुसऱ्याच्या घरात जाऊन निघते.

शब्द न् शब्द बरोबर होता. आणि ऐकणारा पोरगा माझ्याच चुकीपायी महिनाभर झोपला नव्हता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, एवढीच काय ती सवलत.

पुढच्या आठवड्यात मी त्याच्या क्रॅशचे जुने लॉग सहज चाळत होतो. रांगेतल्या पॉइंटरची बिघडलेली किंमत प्रत्येक वेळी वेगळी, पण पूर्ण वेगळी नव्हे. जूनमधल्या सगळ्या लॉगमध्ये ती हेक्समध्ये १७डीने सुरू होत होती. ७ जुलैनंतरच्या सगळ्यांमध्ये १७ईने. आणि तारखेनुसार लावल्या तर प्रत्येक किंमत आधीच्यापेक्षा मोठी! पॉइंटर कधी असा शिस्तीत वाढत नाही. कॅलेंडर वाढतं. मी कॅल्क्युलेटर उघडला. १९७०पासूनचे नॅनोसेकंद. तिसऱ्या अंकात एकाने वाढ व्हायला साधारण ५२ दिवस लागतात. तो पॉइंटर नव्हताच, ती वेळ होती. क्रॅशच्या थोडी आधीची वेळ, सेकंदाच्या हिशेबात बरोबर.

त्याच्या मॉड्यूलमध्ये वेळ कुठेच लिहिली जात नव्हती. ती लिहीत होतो मी. माझ्या ड्रायव्हरमध्ये, मोजमाप आलं की त्या स्ट्रक्चरमध्ये शिक्का मारायचा, नॅनोसेकंदात.

शनिवार, २७ जुलै. दोनच दिवसांपूर्वी पुण्यात पावसाने हाहाकार केला होता, खडकवासल्याच्या पाण्याने एकतानगरीत घरं बुडाली होती. ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. मी कासान चालू करून कर्नल बिल्ड केला. हे प्रकरण २०१५पासून, म्हणजे लिनक्स ४.० पासून कर्नलमध्ये आहे. मेमरीच्या दर ८ बाइटमागे एक बाइट पहारा ठेवतं. कुठली जागा मोकळी केलीय, कुठली वापरात, सगळी नोंद. त्यासाठी मेमरीचा आठवा हिस्सा जातो आणि मशीन रखडतं, म्हणून आम्ही ‘करू करू’ म्हणत कधी केलं नव्हतं. स्क्रिप्ट लावली, डिव्हाइस जोड-काढ, जोड-काढ. दीड तासाने रिपोर्ट पडला. मोकळ्या केलेल्या मेमरीत लिखाण. खाली तीन याद्या. कुणी लिहिलं, कुणी जागा घेतली होती, कुणी सोडली. तिन्हींच्या वर माझी फंक्शन्स.

घडत होतं ते असं. डिव्हाइस काढलं की माझा कोड स्ट्रक्चर मोकळं करायचा आणि पॉइंटर नल करायचा. पण मागे एक काम अजून चालू असायचं, त्याला थांबवायला मी विसरलो होतो. ते काम नल झाल्यावर आलं की चोविसाव्या बाइटवर आपटायचं. तो मे महिन्यातला ऊप्स. तो बिचारा ओरडून सांगत होता की इथे घर रिकामं केलंय आणि कामगार अजून आत येतायत! मी काय केलं, तर वॉचमनला सांगितलं, असा कुणी आला तर नुसता परत पाठव, फोन करू नकोस. पण काही वेळा कामगार आधीच आत शिरलेला असायचा. पॉइंटर वाचून झालेला, हार्डवेअरच्या उत्तराची वाट बघत थांबलेला. तेवढ्यात स्ट्रक्चर मोकळं. मग उत्तर आलं की हा शिक्का मारणार, नेमका त्या जागेत नव्याने राहायला आलेल्याच्या वस्तूवर. हे आधीही होत असणारच, पण आधी ऊप्स होऊन पेटी रीबूट व्हायची आणि पाटी कोरी व्हायची. माझ्या चेकने पेट्या जिवंत राहायला लागल्या आणि बिघाड साठत गेला. त्या पोराचं स्ट्रक्चर आणि माझं, दोघांचा आकार एकाच गटात बसणारा. त्यामुळे माझी सोडलेली जागा हमखास त्याला मिळायची.

म्हणजे ऊप्समध्ये नाव येतं ते पकडला गेला त्याचं. केलं कुणी, ते नव्हे. हे मला पुस्तकातून माहीत होतं. मी दुसऱ्यांना शिकवलेलं होतं.

दुरुस्ती दोन ओळींची. आधी कॅन्सल-वर्क-सिंक, म्हणजे चालू काम पूर्ण थांबेपर्यंत वाट बघ, मगच जागा मोकळी कर. आणि माझा तो नल चेक काढून टाक. पाच मिनिटांत लिहिली. मग कमिटच्या संदेशाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला.

आता खरं सांगतो. मी लिहिलं होतं, ‘डिव्हाइस काढतानाच्या कोडची साफसफाई’. त्या चार शब्दांत कुठेही खोटं नव्हतं. पॅच गेला असता, पेट्या पडायच्या थांबल्या असत्या, सगळ्यांना वाटलं असतं पोराने टाकलेल्या शेकडो चेकपैकी एखादा लागू पडला. कुणालाच कळलं नसतं. मी तो कमिट पुश केला नाही, पण पुसलाही नाही. लॅपटॉप बंद करून घरी आलो. रविवार गेला. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याला विचारलं गेलं, "मिळालं का काही?" मी समोर बसलो होतो. गप्प होतो. मंगळवारी त्याला एचआरचं पत्र मिळालं, प्रोबेशन तीन महिने वाढवला. पत्र त्याने मलाच आणून दाखवलं. "दादा, घरी काय सांगू?"

शनिवार ते बुधवार, चार दिवस. नल चेक मी घाईत टाकला, ती चूक. पण हे चार दिवस चूक नव्हती. फोन आला होता आणि मी तो उचलत नव्हतो.

बुधवारी सकाळी लीड मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. "मॅडम, एक बोलायचं होतं." कासानचा रिपोर्ट छापून नेला होता. त्यांनी तो शांतपणे वाचला, तिन्ही याद्या. मग विचारलं, "हा शनिवारचा आहे." मी म्हटलं, "हो." त्या काही क्षण काहीच बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "पॅच पाठव. काय झालं ते सगळ्या टीमला मेल कर, तारखांसकट. आणि आधी त्याला जाऊन सांग. मेलमधून कळायला नको."

मी त्याला टपरीवर नेलं. सगळं सांगितलं, लुकलुकणाऱ्या कर्सरसकट. वाटलं चिडेल, निदान तोंड फिरवेल. तो बराच वेळ ग्लासकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे दादा... माझी रांग बरोबर होती?"

"पहिल्यापासून."

"जूनमधली? ते सगळे लॉक टाकायच्या आधीची?"

"हो रे. तीच बरोबर होती."

त्याने ग्लास खाली ठेवला आणि दुसरीकडे बघायला लागला. मला काय बोलावं सुचेना. दोन महिने तो जे शोधत होता ते त्याच्या कोडमध्ये कधी नव्हतंच, आणि न सापडल्यामुळे त्याने ठरवून टाकलं होतं की खोट आपल्यात आहे. त्या पोराच्या डोक्यात माझ्या एका ओळीने काय लिहून ठेवलं होतं, ते कुठल्याही कासानने दाखवलं नसतं.

मॅडमनी एचआरशी भांडून पाहिलं. पत्र गेलेलं होतं, ते काही मागे आलं नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस तो पर्मनंट झाला. तीन महिने गेले ते गेले. दुरुस्ती जाताच त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे घाबरून टाकलेले सगळे चेक आणि लॉक एकेक करून काढले. तो पॅच रिव्ह्यूला माझ्याकडेच आला. नुसत्या लाल ओळी, पानंच्या पानं. त्यापेक्षा लांब पॅच मी वाचलेत. वाचायला इतका वेळ मात्र कुठल्याच पॅचला लागला नाही.

आता टीममध्ये एक नियम आहे. ‘नल असेल तर परत फिर’ अशी ओळ रिव्ह्यूत दिसली की लिहिणाऱ्याने सांगायचं, तो नल का होता. उत्तर असेल तर ओळ खुशाल ठेवा. कधीकधी नल हे खरंच कायदेशीर उत्तर असतं, त्या तक्त्यातल्या ठेचेसारखं, आधी मान्य केलेलं. उत्तर नसेल तर पडू द्या. चाचणीच्या एका मशीनवर रात्रभर कासान चालू असतं, रखडत का होईना.

हा प्रश्न मीटिंगमध्ये बहुतेक तोच विचारतो, आपल्या सांगलीच्या हेलात. "का नल होता हे?" मी लिहिलेला कोड असला तरी विचारतो. दादा म्हणायचं मात्र अजून सोडलेलं नाही.

असो. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं लिहीन म्हणतो.